तुगा कुणाच्या वाट्याला

“तुगा लेंका लिहील,” मारायके म्हणाली आणि मीटिंग पुढे सरकली.

मारायके आमची मुख्य संपादक. नेदरलँड्समधल्या नायमेखनला आम्ही स्लाव्हिक भाषांचा व्युत्पत्तिकोश करतो. शब्द कुठून आला आणि ठिकठिकाणी त्याचं काय झालं, ते लिहितो. एका शब्दावरच्या मजकुराला एन्ट्री म्हणतात. खाली लिहिणाऱ्याची आद्याक्षरं येतात.

तुगा हा शब्द मला हवा होता. क्रोएशियनमध्ये त्याचा अर्थ शोक. रशियनमध्ये तो आता जुन्या कवितेतच भेटतो, तिथेही दुःखच. चेकमध्ये मात्र त्याचं तोउहा झालं आणि अर्थ झाला ओढ, आस. लेंका चेक आहे. संध्याकाळी तिचा नवरा सायकल घेऊन खाली उभा असतो. माझी बायको नलिनी गेल्या हिवाळ्यात गेली. एकाच शब्दातून तिला ओढ मिळाली, मला शोक. आणि आता एन्ट्रीही तिलाच. मला तिचा हेवा वाटत होता आणि तो शब्दापुरता नव्हता.

कॉफीच्या वेळी मी मारायकेला गाठलं.

“आपला नियम आहे. शब्द ज्याच्या घरात नांदतो, त्याने एन्ट्री लिहायची नाही. फक्त तपासायची.”

ज्याच्या मातृभाषेत तो शब्द आहे, तो घरचा माणूस आपलाच अर्थ पुढे रेटतो, म्हणून हा नियम.

“तुला त्रास नको म्हणून तिला दिली.” इथली माणसं असं तोंडावर सांगतात.

“मला नको सांभाळूस. नियम सांभाळ.”

तिने कप खाली ठेवला. “बरं. मग सुहास, हा शब्द सध्या तुझ्या घरात नाही का?”



एन्ट्री आम्हा दोघांनाही न मिळता पीटरकडे गेली. पीटरचा विषय माशांची नावं. त्याने शेजारी रशियन ‘तुगोय’ ठेवला, म्हणजे घट्ट, ताणलेला. मुळात बहुधा ताण, त्यातून शोक, चेकमध्ये पुढे ओढ. मोजक्या ओळी.

लेंका आणि मी तपासायला एका स्क्रीनसमोर बसलो.

“ओढ सगळ्यात शेवटी? माझ्या आईला सांगू नकोस हं.”

“शोकाला एकच शब्द दिलाय त्याने.”

“चूक आहे का?”

“नाही.”

“मग ओके कर. नवरा खाली थांबलाय, थंडीत कुडकुडत असेल.”

मी ओके केलं. ती कोट चढवत जिन्याकडे धावली. मी खिडकीपाशी गेलो नाही.

एन्ट्री अचूक आहे. आमच्यापैकी कुणालाही ती इतकी अचूक जमली नसती. आपल्याला ज्या शब्दाची गरज आहे, तो दुसऱ्याने लिहिलेला बरा. खाली पीटरची आद्याक्षरं आहेत. हा शब्द त्याच्या घरात नाही. आता मला त्याचाही हेवा वाटतो.