खंडेनवमीचा उघडा पाना

"दोन्ही कॉर्निया भाजल्यात," डॉक्टरबाई म्हणाल्या. कॉर्निया म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काच. "नजर किती परत येईल, ते चार दिवसांनी पट्ट्या काढल्यावरच कळेल." माझा उजवा हातही भाजला होता, पण हाताचं कुणाला पडलं होतं! डोळे गेले तर?

मी सोलापूरच्या एका वीज उपकेंद्रात ऑपरेटर आहे. बाहेरची वीज गेली तरी यंत्रणा चालावी म्हणून तिथे बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या असतात. बॅटरीच्या या डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या, करंटला आम्ही सगळे गरीब गाय समजत आलो. अहो, कसली गरीब! लाइन बंद करता येते, बॅटरीला बंद करायचं बटणच नसतं.

चूक माझीच. खंडेनवमीला आम्ही हत्यारं पूजतो. पान्याच्या दांड्यावरची मळकी रबरी ट्यूब मी कापून काढली, पाना लखलखीत घासला, हळदकुंकू वाहिलं. ट्यूब पुन्हा चढवायची राहिली. दसऱ्यानंतर तोच पाना घेऊन बॅटरीचे नट आवळायला गेले आणि तो एकाच वेळी दोन टोकांना टेकला. याला आर्क फ्लॅश म्हणतात, हवेतूनच जाळ उडतो. आधी सगळं पांढरं झालं, मग काहीच दिसेना.

पहिला दिवस नुसता ठणक्यात गेला. दुसऱ्या दिवशी पट्ट्यांखालच्या अंधारात बिराजदार अण्णा आठवले. ती ट्यूब त्यांनीच चढवली होती. मी नोकरीला लागले तेव्हा ते सीनियर. होटगीहून सायकलवर यायचे. पंक्चर झालेली ट्यूब कधी टाकली नाही त्यांनी. "लोखंड उघडं ठिवायचं न्हाय, पोरी," म्हणत पान्यावर ओढून बसवायचे. मग हात धुऊन डबा उघडायचे आणि कडक भाकरी, शेंगाचटणी आधी माझ्यापुढे सरकवायचे. बॅटरी रूमचा तो आंबूस वास, अण्णांचं कानडी गुणगुणणं. किती छान दिवस होते! तेव्हा मात्र मला म्हातारा कटकट्या वाटायचा.

तिसऱ्या दिवशी अण्णा वॉर्डात आले. खोकल्यावरूनच ओळखलं.

"अण्णा, पूजेसाठी ट्यूब मीच काढली," मी रडतच सांगितलं.

"देवाला चमकवून काय दावायचं हुतं गं? त्यो मळक्या पान्याला बी वळकतोय की."

ओरडले नाहीत. माझ्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिले.

चौथ्या दिवशी पट्ट्या निघाल्या. आधी नुसतं धुकं. मग हळूहळू पांढरी टोपी दिसली, टोपीखाली अण्णा, आणि त्यांच्या हातात सायकलची ट्यूब.

"वाचली नजर," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

बॅटरीजवळ काम करणाऱ्यांनो, चष्मा आणि हातमोजे घाला, अंगठी-बांगड्या काढून ठेवा. आणि सणाच्या नादात हत्यार उघडं करू नका.

यंदा खंडेनवमीला पाना ट्यूबसकट पूजला. काळ्या रबरावर हळद धड उठून दिसत नव्हती म्हणे. मला मात्र तिचा कणन्‌कण दिसत होता.