मामांनी नापास केलेले तीळ

माझ्या बायकोच्या मामांइतक्या शांतपणे दुसऱ्याचं काम नाकारणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही. नाकारताना त्यांचा आवाज चढत नसे की कपाळाला आठी पडत नसे. समोरच्या वस्तूकडे ते अंमळ प्रेमानेच बघत, चष्मा कपाळावर सरकवत आणि म्हणत, "पुन्हा करायला लागेल." मामा मूळचे चिपळूणचे. कुवेतमध्ये सव्वीस वर्षं ते तेलाच्या पाइपांचं वेल्डिंग तपासायचं काम करत होते. जोडाचा एक्स-रे काढायचा, दिव्यासमोर धरायचा आणि आत केसाएवढी फट दिसली तरी तो जोड कापायला लावायचा, हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा. पण ऑफिसातून घरी येताना माणूस जसा हेल्मेट ठेवून येतो, तशी नजर काही ठेवून येता येत नाही. कुवेतमधल्या फहाहील भागात एकाच इमारतीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर आणि ते चौथ्यावर. त्यामुळे गेली काही वर्षं आमच्या घरातली चादरीची घडी, गॅसच्या नळीचा वाक आणि मी भिंतीत मारलेला प्रत्येक खिळा त्यांच्या तपासणीतून गेलेला आहे. खिळे बहुतेक सगळे दुसऱ्यांदा मारलेले आहेत.

या माणसाला आयुष्यात एकच पदार्थ येत होता, आणि तो जपानी होता. फरसबी उकडून तिला तिळाचं वाटण लावायचं, बस. जपानी नाव त्यांनी मला अनेकदा सांगितलं, पण आमच्या घरात ती 'मामांची फरसबी' म्हणूनच चालली. एका प्रकल्पावर त्यांचे वरिष्ठ एक जपानी साहेब होते, त्यांच्याकडून मामा हे शिकले. जाताना साहेबांनी त्यांना एक मातीचा वाडगा दिला होता, बाहेरून तपकिरी आणि चकचकीत, आतून कंगवा ओढल्यासारख्या बारीक रेघा. त्या रेघांवर लाकडी बत्त्याने तीळ घासायचे, कुटायचे नाहीत. बत्ता एकदा हरवला तेव्हा मामा राई नावाच्या कारखान्यांच्या भागातल्या एका वर्कशॉपमध्ये गेले. तिथला महाडचा कारागीर गाड्यांचे सुटे भाग करणारा, त्याच्यापुढे त्यांनी बत्त्याचं मापासकट ड्रॉइंग ठेवलं. त्या बिचाऱ्याने तीन बत्ते केले. तिसरा पास झाला.

पदार्थ सांगायला दोन ओळींचा, पण मामांच्या हातून तो होताना बघणं म्हणजे एखादी रिफायनरी सुरू होताना बघण्यासारखं होतं. शुक्रवारी सुट्टी, म्हणून सकाळी बाजारात जाऊन ते फरसबी आणत. एकेक शेंग वाकवून बघत. जी 'कट्' असा आवाज करून मोडत नाही, ती बाद. मग सगळ्यांचे दोन पेरांएवढे तिरके तुकडे. मिठाच्या उकळत्या पाण्यात अडीच मिनिटं, घड्याळ लावून, आणि लगेच बर्फाच्या पाण्यात, म्हणजे हिरवा रंग जागच्या जागी थांबतो. नळाच्या थंड पाण्याचा इथे काही उपयोग नाही. कुवेतमध्ये उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाक्या अशा तापतात की थंड पाण्याच्या नळाला चहा होईल असं पाणी येतं. म्हणून मामांचा फ्रीझर जून ते सप्टेंबर फक्त बर्फाने भरलेला असे. एकदा मी आइस्क्रीम ठेवायला गेलो तर "जागा नाही" असं उत्तर मिळालं. नंतर शेंगा पंच्यावर टिपायच्या. मग तीळ मंद आचेवर भाजायचे, दोन-तीन दाणे उडाले की थांबायचं. वाडग्यात घासायचे ते दोन हिस्से मोडलेले आणि एक हिस्सा अर्धवट असे. चिमटीत ओलसर लागले पाहिजेत, पण तेल सुटता कामा नये. त्यात थोडी साखर, थोडा सोया सॉस, आणि पानं वाढल्यावर मगच फरसबी कालवायची.

माझी बायको एकदा न राहवून म्हणाली, "मामा, एवढ्या वेळात माझी आमटी आणि दोन भाज्या झाल्या असत्या."

"झाल्या असत्या," मामा म्हणाले. "पण त्या तपासल्या कुणी असत्या?"

आणखी एकदा तिने जमियातून, म्हणजे आमच्या कोपऱ्यावरच्या सहकारी भांडारातून, ताहिनीची बाटली आणून त्यांच्यापुढे ठेवली. तयार वाटलेले तीळ, कष्ट वाचतील. मामांनी बाटली उजेडात धरून बघितली आणि म्हणाले, "चांगली आहे. पण हे तीळ निवृत्त झालेत गं." बाटली त्यांनी आदराने परत दिली.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं ते माझे वडील येईपर्यंत. त्या वर्षी फेब्रुवारीत आई गेली. अण्णा उदगीरच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, आणि मी एकुलता एक. दिवसकार्य आटोपून मी परत आलो आणि दोन महिन्यांत शेजारच्या काकूंचा फोन आला, की गुरुजींच्या घरात चूल पेटलेली दिसत नाही. मी व्हिजिट व्हिसासाठी धावपळ केली. तो मिळाला नेमका जूनमध्ये, जेव्हा इथून माणसं पळून जातात. विमानतळाच्या दारातून अण्णा बाहेर आले तेव्हा मी त्यांना आधी ओळखलंच नाही. घरी आल्यावर त्यांच्या पट्ट्याला आणखी दोन भोकं पाडावी लागली.

अण्णा कुठल्याच गोष्टीला नाही म्हणत नसत, तीच अडचण होती. पानावर बसत, चतकोर भाकरी मोडत, तिचे तुकडे करत, त्यातला एखादा तोंडात टाकत आणि "छान झालंय, सूनबाई" म्हणून उठत. बायकोने शेंगांची चटणी केली, काळ्या मसाल्याची आमटी केली, मैत्रिणीकडून अंबाडी मिळवून भाजी केली. सगळ्याला "छान झालंय." डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि काही निघालं नाही म्हणून सांगितलं. काही नाही म्हटल्यावर मला जास्त भीती वाटली. मी रोज सकाळी कुवेत सिटीतल्या बँकेत कामाला जाई, तिथून दुपारी फोन करून एकच प्रश्न विचारी, "जेवले का?" आणि बायको एकच उत्तर देई, "बसले होते." एकदा मी चिडून अण्णांना म्हणालो, "तुम्ही असं केलंत तर मी काय करायचं?" ते खाली बघून म्हणाले, "मी मुद्दाम करायलोय का रे? घास फिरतोय तोंडात."

त्यानंतरच्या शुक्रवारी मामा खाली आले. बगलेत टॉवेलमध्ये गुंडाळलेला वाडगा. सांत्वनाचं बोलणं नाही, जेवणाची चौकशी नाही. त्यांनी वाडगा अण्णांच्या पुढ्यात ठेवला, भाजलेले तीळ ओतले आणि म्हणाले, "गुरुजी, माझं मनगट दुखतंय. जरा घासून द्याल?"

पाहुण्याला नाही कसं म्हणायचं, म्हणून अण्णांनी बत्ता हातात घेतला. पाच मिनिटांनी मामांनी चष्मा वर सरकवला, चिमूट घेतली, बोटांत चोळली.

"भरड आहे," ते म्हणाले. "पुन्हा करायला लागेल."

अण्णांनी पुन्हा घासले. मामांनी पुन्हा चिमूट घेतली. "आता तेल सुटलं. जाऊ दे, पुढच्या शुक्रवारी बघू." ते तीळ त्यांनी बायकोकडे चटणीसाठी दिले, वाडगा धुतला आणि वर निघून गेले. त्या दिवशी कुणी फरसबी खाल्ली नाही.

मी जिन्यातच त्यांना गाठलं. मला खरंच राग आला होता. "मामा, ते आधीच खचलेत. निदान त्यांना तरी पास करायचं."

"जावईबापू," मामा म्हणाले, "तुम्ही सगळे त्यांना गेला महिनाभर पासच करताय."

पुढचे दोन शुक्रवार तेच झालं. एकदा भाजणी जास्त, एकदा दाणे सारखे नाहीत. माझी मुलगी, जी मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देते, आजोबांच्या मांडीला टेकून म्हणाली, "आजोबा, यू फेल्ड अगेन." अण्णांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मामा गेल्यावर ते खुर्चीत ताठ बसले आणि कित्येक महिन्यांत प्रथमच त्यांचा वर्गातला आवाज ऐकू आला. "चाळीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या मी. तालुक्यातून माणसं अक्षर बघायला यायची. अन् हा माणूस मला भरड म्हणायलाय?"

मंगळवारी दुपारी मी मीटिंगमध्ये असताना बायकोचा फोन आला. ती कुजबुजत होती. "अण्णा स्वयंपाकघरात तीळ भाजतायत. मला बाहेर काढलंय." त्यांनी तिच्याकडून अर्धा किलो तीळ मागून घेतले होते. आमच्या मसाल्याच्या खलबत्त्यात ते थोडे-थोडे घासत होते, चिमटीत घेऊन बघत होते, आणि बघून समाधान होईना म्हणून जिभेवर ठेवत होते. बुधवारी त्यांनी फरसबीही मागितली. नुसत्या तिळावरून काही कळत नाही, भाजीला कसे लागतात ते बघायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी घरी येऊन मी भांड्यात डोकावलो. पाव किलो फरसबीतले सहा-सात तुकडे उरले होते. मी बायकोकडे बघितलं. तिने ओठांवर बोट ठेवलं.

चौथ्या शुक्रवारी मामा आले तेव्हा अण्णा अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून टेबलाशी बसले होते. तीळ त्यांनीच भाजले, त्यांनीच घासले. मामांनी चिमूट घेतली. बोटांत चोळली, नाकाशी नेली, खिडकीपाशी जाऊन उजेडात बघितली. घरात एसीचा तेवढा आवाज. मग त्यांनी साखर घातली, सोया सॉस घातला आणि फरसबी कालवली.

"म्हणजे पास का?" अण्णांनी विचारलं.

"मी फक्त जोड तपासतो, गुरुजी. तो टिकला की नाही, ते पाइपलाइन सुरू झाल्यावर कळतं. खाऊन तुम्हीच सांगा."

अण्णांनी एक तुकडा खाल्ला. मग दुसरा. मग मान वर न करता म्हणाले, "सूनबाई, याच्यासंगं भाकरी पाहिजे." मामांच्या चेहऱ्यावरून कसलीशी वेदना सरकून गेली. ज्वारीच्या भाकरीबरोबर ही भाजी खाल्ल्याचं त्या जपानी साहेबांना कळलं तर काय, असं बहुधा त्यांच्या मनात आलं असावं. पण आयुष्यात एकदाच त्यांनी डोळ्यांदेखत घडणारी चूक सोडून दिली. अण्णा दीड भाकरी जेवले. हात धुऊन आले, पुन्हा खुर्चीत बसले आणि म्हणाले, "तिला आवडलं असतं हे." आई गेल्यापासून त्यांनी तिचं नाव काढलं नव्हतं. त्या दुपारी ते तास-दीड तास तिच्याबद्दल बोलत होते. ती कारळं कशी भाजायची, भांडण झालं की मीठ कमी कसं घालायची, शेवटच्या दिवसांत दवाखान्यात काय म्हणाली. मधे-मधे रडले. मामा समोर बसून ऐकत होते, आणि वाडग्याच्या रेघांत अडकलेले तीळ काडीने काढत होते.

संध्याकाळी मी वर जाऊन त्यांचे आभार मानायला लागलो तर ते अवघडले. "मला काही येत नाही हो यातलं," ते म्हणाले. मामी चिपळूणला वारल्या तेव्हा मामा वाळवंटातल्या साइटवर होते, आणि पोचेपर्यंत सगळं उरकलेलं होतं, एवढं मला ठाऊक होतं. पुढचं त्यांनी त्या दिवशी सांगितलं. "परत आलो तर जेवणच जाईना. मेसमधले सगळे आग्रह करायचे. साहेबांनी एकदासुद्धा 'खा' म्हटलं नाही. केबिनमध्ये बोलावलं, वाडगा पुढे ठेवला आणि म्हणाले, घास. सहा वेळा नापास केलं मला. गुरुजी हुशार, चौथ्या शुक्रवारीच सुटले."

अण्णा सप्टेंबरात उदगीरला परत गेले, पट्ट्याचं एक भोक मागे घेऊन. त्यानंतरच्या हिवाळ्यात मामांचं कंत्राट संपलं आणि तेही कायमचे निघाले. इथे सगळेच कधी ना कधी जातात, त्यामुळे निरोप देण्याची आम्हाला सवय असते, म्हणजे असं आम्ही एकमेकांना सांगतो. मी मदतीला गेलो तेव्हा त्यांनी माझ्याकडून एका खोक्याची दोरी तीनदा बांधून घेतली. विमानतळावर आत जाण्यापूर्वी त्यांनी माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, बायकोला "नीट राहा" म्हणाले आणि वळून न बघता गेले. चौथ्या मजल्यावर आता एक केरळी कुटुंब राहतं. माणसं चांगली आहेत.

गेल्या महिन्यात अण्णा एकटे बसने उदगीरहून थेट चिपळूणला गेले. चार दिवसांसाठी म्हणून गेले ते अकरा दिवस राहिले. तिथून त्यांचा फोन आला. मागे मामांचा आवाज येत होता, ते कुणाला तरी, बहुधा सुताराला, शांतपणे काहीतरी समजावत होते. अण्णांनी पावसाचं सांगितलं, आंब्याच्या कलमांचं सांगितलं.

"तू कधी यायलास?" त्यांनी विचारलं.

मी कुवेतला आल्यापासूनच्या सतरा वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. माझ्या नोकरीची, मुलीच्या शाळेची आठवण ठेवून त्यांनी तो प्रश्न दर वेळी गिळला असणार, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी खिडकीशी उभा होतो. बाहेर रस्ता उन्हाने पांढरा झाला होता.

"बघतो, अण्णा," मी म्हणालो.

"बघ," ते म्हणाले, आणि फोन मामांकडे दिला.