तात्यांनी खुर्ची उघडली

तात्यांचे हात रिकामे असले की घरातल्या प्रत्येक फिरणाऱ्या वस्तूच्या पोटात गोळा यायचा. निवृत्त झाल्यापासून त्यांनी मिक्सर उघडला, शिलाई मशीन उघडलं, केस वाळवायचं यंत्र उघडलं, आणि शेजाऱ्यांचं ड्रिल तर शेजाऱ्यांना न विचारता उघडलं. यातलं बहुतेक सगळं पुन्हा चालू झालं, नाही असं नाही. पण मिक्सर आता सुरू केला की ओट्यावरून चालायला लागायचा, आणि सुनेला एका हाताने झाकण नि दुसऱ्या हाताने त्याची मान धरून उभं राहावं लागायचं.

‘‘तात्या, बरा चालत होता ना तो?’’

‘‘चालत होता. बरा नव्हता.’’

सून मिक्सरची मान आणखी आवळून चटणी वाटायची.

तात्यांचा उभा जन्म बंदरातल्या क्रेनच्या मोटरी दुरुस्त करण्यात गेला होता. डीसी मोटरी, घरच्या कपाटाएवढ्या. तिथे त्यांना ‘ठिणगीमास्तर’ म्हणत, कारण मोटरीतली ठिणगी बघून ते तिचं दुखणं सांगत. निळसर आणि बारीक असेल तर जाऊ दे, पिवळी आणि फटफटणारी असेल तर कार्बन झिजलाय, गोल फिरणारी असेल तर आधी मेन स्विच पाड आणि मग विचार कर. घरी ठिणग्या नव्हत्या, म्हणून ते माणसांची दुखणी सांगत. सगळ्या नातेवाइकांची त्यांनी मोटरींच्या जातींप्रमाणे वाटणी करून टाकली होती.

स्वतः ते ‘सिरीज’. या मोटरीत एकच करंट बाहेरच्या स्थिर वेटोळ्यातून, म्हणजे फील्डमधून, आणि तिथून पुढे आतल्या फिरत्या आर्मेचरमधून जातो. ओझं वाढलं की दोन्हीकडचा जोर एकदम वाढतो, म्हणून ती सावकाश फिरेल पण डोंगर ओढेल. सुनेच्या सासूबाई ‘शंट’. या मोटरीत फील्डची वाट वेगळी, आर्मेचरची वेगळी. ओझं असो नसो, चाल जवळपास तीच. लेथ मशीनला लावावी अशी. मुलगा ‘कंपाउंड’, दोन्ही वेटोळी घेतलेला; थोडा जोर बापाचा, थोडी चाल आईची, आणि त्यांच्या मते दोन्ही कमीच.

‘‘आणि मी?’’ लग्न नवीन असताना सुनेने हौसेने विचारलं होतं.

‘‘तुझी अजून टेस्टिंग चालू आहे.’’

ती टेस्टिंग अजून संपली नव्हती.

सिरीज मोटरीबद्दल ते आणखी एक गोष्ट आल्यागेल्याला सांगत. ‘‘ओझ्याशिवाय तिला कधी चालू करायचं नाही. वेग वाढतच जातो, वाढतच जातो. आमच्या शेडमध्ये एकाने केली. अशी पिसाळली, की आर्मेचरच्या तारा केस पिंजारल्यासारख्या बाहेर आल्या.’’ निवृत्तीनंतर हीच कथा पुन्हा ऐकताना सुनेच्या मनात एक वाक्य यायचं आणि ती ते गिळून टाकायची.

तर अशा तात्यांच्या घरात बॅटरीवर चालणारी एक खुर्ची होती. सासूबाईंचे पाय गेले तेव्हा मुलाने आणलेली. पाय गेल्यावर सासूबाई रडल्या नव्हत्या. पण पहिल्यांदा कुणी तरी त्यांना ढकलत दवाखान्यात नेलं तेव्हा रडल्या होत्या. ही खुर्ची आली आणि त्या पुन्हा माणसात आल्या. उजव्या हाताशी एक दांडी. पुढे ढकलली की खुर्ची पुढे, मागे ओढली की मागे. मागे जाताना मात्र ती हळू जायची आणि ‘टीं टीं’ करून गल्ली गोळा करायची, म्हणून सासूबाई कधी मागे जातच नसत. रोज दुपारी त्या एकट्या गल्लीच्या टोकाला मैत्रिणीकडे पत्ते खेळायला जात. मैत्रीण अखंड बोलणारी. तात्या तिला ‘रेडिओ’ म्हणत.

आज तो रेडिओ गाव सोडून चालला होता. तिचा मुलगा गाडी घेऊन येणार होता, आणि दुपारच्या चहानंतर ती त्याच्याकडे कायमची जाणार होती. सासूबाईंनी सकाळीच सुनेला बजावलं होतं, ‘‘मी एकटी जाणार. मला कुणी ढकलत न्यायचं नाही. निरोप घ्यायला जायचं ते सामानासारखं नाही.’’

आणि सून भाजी घेऊन घरी आली तर खुर्ची दिवाणखान्यात वर्तमानपत्रांवर पालथी पडलेली!

‘‘तात्या!’’

‘‘ओरडू नकोस. कुरकुरत होती,’’ तात्या मान वर न करता म्हणाले. खुर्चीच्या दोन्ही मोटरी त्यांनी सुनेच्या शिलाईच्या टेबलावर मांडल्या होत्या.

‘‘कुरकुरू दे ना! आजच? आई, तुम्ही तरी यांना...’’

पलंगावर बसलेल्या सासूबाईंनी नुसता हात हलवला. ‘‘मी अंघोळीहून येईपर्यंत उघडून झाली होती. आता बोलून तोंडाची वाफ कशाला दवडू?’’

‘‘कार्बन पार झिजलेत, हे बघ.’’ तात्यांनी पेन्सिलीच्या तुकड्याएवढे दोन काळे ठोकळे दाखवले. ‘‘आणि हे काय केलंय बघ! फील्डची वेटोळी नाहीतच. आत नुसते चुंबक चिकटवलेत. गोंदाने! याला मोटर म्हणायचं? ही चिकटवही आहे.’’

तेवढ्यात सुनेची नजर टेबलावर गेली. तिची टाचण्यांची डबी रिकामी होती. सगळ्या टाचण्या, तीन सुया आणि एक हुक मोटरीच्या पोटात जाऊन चुंबकाला साळिंदरासारखे चिकटून बसले होते.

‘‘मोजून काढा,’’ ती दात आवळून म्हणाली. ‘‘एकही आत राहता कामा नये.’’

‘‘शेडमध्ये मला असं कुणी सांगत नव्हतं.’’

‘‘शेडमध्ये टाचण्या नव्हत्या.’’

टाचण्या निघाल्या, तात्यांच्या बोटांना टोचून निघाल्या. नवे कार्बन कोपऱ्यावरच्या दुकानातून आले, घासून बसवले गेले. जेवणं उरकली. तात्या जेवायला उठले नाहीत. सुनेने ताट शेजारी ठेवलं तर त्यात स्क्रू ठेवू लागले. शेवटी वायरी जोडायची वेळ आली. मोटरींचे मूळ प्लग ढिले झालेत म्हणून त्यांनी दोन्ही कापून टाकले होते, आणि आता ते वायरी सरळ एकमेकींना पिळून टेप लावत होते.

‘‘लाल-काळी बघताय ना?’’ सुनेने विचारलं.

‘‘सप्लायला उलटसुलट नसतं. मला शिकवू नकोस.’’

खुर्ची उभी राहिली. सासूबाई नवी साडी नेसून, केसांत कंगवा फिरवून तयारच होत्या. सुनेने त्यांना खुर्चीत बसवलं. त्यांनी पर्स मांडीवर घेतली आणि दांडी पुढे ढकलली.

खुर्ची जागच्या जागी गरकन फिरली.

डावं चाक पुढे, उजवं मागे. सासूबाईंनी दचकून दांडी सोडली, पुन्हा ढकलली, पुन्हा गिरकी. पर्स उडून सोफ्याखाली गेली.

‘‘अहो! भोवरा केलात माझा!’’

‘‘एक मोटर उलटी फिरतेय,’’ सून म्हणाली. ‘‘वायरी उलट्या लागल्यात, तात्या.’’

‘‘शक्यच नाही.’’ तात्या ताठ उभे राहिले. ‘‘वायरी उलट्या केल्या म्हणून मोटर उलटी फिरत नसते. दांडीच्या खोक्यात बिघाड आहे. ते उघडावं लागेल.’’

‘‘खोक्याला हात लावाल तर बघा!’’ सुनेचा आवाज इतका चढला की तिलाच त्याचा धक्का बसला. तिने घड्याळाकडे पाहिलं, मग खिडकीतून बाहेर. गल्लीच्या टोकाला गाडी येऊन उभी होती, डिकी उघडी होती. दुकानातून माणूस बोलवायचा म्हणजे उद्याच उजाडणार. ‘‘तात्या, बसा इथे. मोटर फिरते कशी, ते मला अगदी पहिल्यापासून सांगा.’’

‘‘आत्ता?’’

‘‘आत्ता.’’

तात्यांचा चेहरा खुलला. हे बघून तर ती आणखीच वैतागली.

‘‘हे बघ, तारेतून करंट जात असला आणि तार चुंबकापुढे असली, की तारेला धक्का बसतो. आर्मेचर म्हणजे अशा तारांचं वेटोळं. धक्क्याने ते अर्धं फिरतं. आता करंट तसाच राहिला तर पुढचा धक्का उलटा बसेल आणि ते परत येईल. झोपाळा आपल्याकडे येत असताना ढकलला तर थांबतो ना, तसं. म्हणून आसावर तांब्याच्या पट्ट्यांचं कडं असतं, कम्युटेटर. त्यावर हे कार्बन टेकतात. नेमक्या वेळी पट्टी बदलते, वेटोळ्यातला करंट उलटतो, आणि धक्का पुन्हा पुढेच.’’

‘‘बरं. आणि वायरी उलट्या केल्या तर?’’

‘‘तर आर्मेचरचा करंट उलटतो आणि फील्डचाही उलटतो. दोन्ही उलटे, म्हणजे धक्का होता तिकडेच. तुझ्या मिक्सरचंच बघ, त्यातली मोटरही सिरीजच. घरच्या लाइनीतला करंट सारखा उलटसुलट होतोय, मिक्सर कधी उलटा फिरला?’’

‘‘नाही. नुसता चालत जातो,’’ सासूबाई गिरकीच्या जागेवरून म्हणाल्या.

‘‘मग क्रेन खाली-वर कशी करायचात?’’ सुनेने नेटाने विचारलं.

‘‘फक्त आर्मेचरच्या दोन वायरी उलटवायच्या. फील्ड तसंच ठेवायचं.’’

‘‘आणि या मोटरीत फील्डच्या वायरी कुठे आहेत?’’

‘‘सांगितलं ना, याच्यात फील्डला वायरीच नाहीत, नुसते चुंबक चिकट...’’

तात्या तिथेच थांबले. टेबलावरचे कापलेले प्लग उचलून त्यांनी उलटेपालटे करून पाहिले.

‘‘म्हणजे या दोन वायरी,’’ ते हळूच म्हणाले, ‘‘थेट आर्मेचरच्याच.’’

शेडमध्ये सप्लायच्या वायरी त्यांनी कधी बघून जोडल्याच नव्हत्या. बघायची गरजच पडली नव्हती. तेवढ्यापुरती सुनेला त्यांची दया आली. मग तिने पुन्हा खिडकीबाहेर पाहिलं. डिकीत दुसरी बॅग चढत होती. दया ओसरली.

‘‘उलटवा लवकर!’’

सासूबाईंना परत पलंगावर. खुर्ची परत पालथी. तात्या गुडघ्यांवर बसले, टेप फाडली, वायरी बदलल्या, टेप गुंडाळली. हात भरभर चालत होता. खुर्ची सरळ. सासूबाई खुर्चीत. दांडी पुढे.

खुर्ची सरळ रेषेत, अगदी शिस्तीत, मागे गेली आणि शोकेसला धडकली.

शोकेसमधला कप कलंडला.

‘‘पालथ्या खुर्चीत डावं-उजवं...’’ तात्या पुटपुटले. ‘‘चांगली होती तीच उलटवली मी. आता दोन्ही उलट्या. दोन मिनिटं दे, दोन्हीच्या...’’

आणि सुनेने इतके दिवस गिळलेलं वाक्य बाहेर पडलं. ‘‘तात्या, ओझ्याशिवाय चालू करू नये अशी मोटर आमच्या घरात मोकळी फिरतेय, आणि तारा आमच्या पिंजारल्यात!’’

तात्यांनी तिच्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. हातातला स्क्रू-ड्रायव्हर त्यांनी उगाच सदऱ्याला पुसला, आणि एकदम खूप म्हातारे दिसू लागले. तिला वाटलं, शब्द परत घेता आले असते तर बरं झालं असतं.

‘‘दार उघड गं,’’ सासूबाई म्हणाल्या.

‘‘अहो आई, पण ती उलटी...’’

‘‘उलटी तर उलटी. थांबले तर गाडी जाईल.’’ त्यांनी दांडी स्वतःकडे ओढली. खुर्ची ‘टीं टीं टीं’ करत पुढे आली. त्यांनी दांडी डावीकडे केली, खुर्ची उजवीकडे वळली. त्यांनी एकदा मान हलवली. ‘‘इतकी वर्षं यांच्याशी संसार केलाय. हवं त्याच्या उलट सांगितलं की हवं ते होतं, हे मला कुणी नव्याने शिकवायला नको.’’

सुनेने सोफ्याखालची पर्स काढून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि दार उघडलं. उंबऱ्याला लावलेल्या फळीवरून त्या एकदा घसटून पार झाल्या. मग खुर्ची गल्लीला लागली, मागे जायच्या संथ चालीने पुढे जात, आणि बोंबलत. सायकलवाला बाजूला झाला. गॅलऱ्यांतून डोकी डोकावली. सासूबाई कुणाकडे बघत नव्हत्या.

तात्या फाटकाबाहेर गेले. सून म्हणाली, ‘‘ढकलू नका हं.’’

‘‘हात लावत नाही. नुसता मागे चालतो. डावं कनेक्शन मी घाईत पिळलंय.’’

आणि ते गेले, खुर्चीच्या चार पावलं मागून, हातात टेप घेऊन, कान मोटरीकडे लावून. अशी हळू चाल त्यांना एरवी कधी जमली नसती.

गल्लीच्या टोकाला डिकी बंद झाली. सून फाटकाशी आली. गाडीचं दार लागलं. मग ते पुन्हा उघडलं. ‘टीं टीं’ तिथवर पोचली असणार. मैत्रीण बाहेर उतरली, डोळ्यांवर हात धरून बघू लागली, आणि तिचा तो जगाला ऐकू जाणारा आवाज फाटकापर्यंत आला, ‘‘अगं बाई! कचऱ्याची गाडी समजले मी!’’

दोघी किती वेळ बोलत होत्या ते सुनेला कळलं नाही. ती आत जाऊन कप उचलत होती. परतीची ‘टीं टीं’ ऐकू आली तेव्हा चहा उकळत होता. सासूबाईंचे डोळे लाल होते आणि पदर ओला होता.

‘‘काय म्हणाली?’’ सुनेने विचारलं.

‘‘तीच बोलली. मला कुठे बोलू देते?’’ सासूबाई म्हणाल्या. मग पदराने नाक पुसून त्यांनी मागे वळून पाहिलं. ‘‘अहो, आज आता खुर्चीला हात लावायचा नाही. उद्या सकाळी लावा. माझ्यासमोर. आणि लाल-काळी बघून.’’

‘‘हो,’’ तात्या म्हणाले. चहाचा कप त्यांनी मुकाट्याने घेतला, अर्धा प्यायले, आणि मग त्यांची नजर वर छताकडे गेली.

‘‘सूनबाई, हा पंखा थोडा कुरकुरतोय का गं?’’

सुनेने उठून स्क्रू-ड्रायव्हर उचलला, आपल्या शिलाईच्या टेबलाच्या खणात टाकला आणि खणाला कुलूप लावलं.