दोघांनी उचललेला भंडारा

ग्रामपंचायतीचा निकाल लागला आणि आमच्या गावातले निवडून आलेले सदस्य लगेच सहलीला निघाले. सरपंचाची निवड होईपर्यंत आपली माणसं दुसऱ्या गटाच्या हाती लागू नयेत, म्हणून त्यांना कुठंतरी लांब नेऊन ठेवायची आमच्या मोहोळ भागात रीतच आहे. हिंदुराव तात्यांच्या गाडीत चादरी, फरसाण, पत्त्यांचे जोड असं सगळं भरून झालं. माणसंही बसली. एकच जागा मोकळी राहिली. ती माझ्या आत्याची, राजाबाईची.

आत्तीनं गाडीजवळ येऊन सरळ सांगितलं, की दोन शेळ्या व्यायला झाल्यात, मला काही जमायचं नाही.

तात्यांच्या माणसांचे चेहरे उतरले. बहुमत अगदी काठावरचं होतं. आत्ती माळावरच्या वस्तीत एकटी राहिली, तर सोमशेखर अण्णा तिला घेऊन जाणार हे त्यांना दिसत होतं. अण्णांचं मोहोळला आडत दुकान आहे आणि तात्यांशी त्यांचं वैर दोघांच्या वडलांपासूनचं. माणसांनी आत्तीला बरंच समजावलं. शेळ्यांसाठी गडी देतो म्हणाले, शेवटी शेळ्याच गाडीत घ्या अशी कुणीतरी थट्टा केली. आत्ती म्हणाली, बघा, मुततील हां गादीवर.

मग तात्या स्वतः खाली उतरले. ऊस वाहतुकीचे ट्रॅक्टर, तोडणीच्या टोळ्या आणि तालुक्यातल्या नेत्यांशी ऊठबस, एवढ्यावर त्यांनी गाव धरून ठेवलं आहे. माणूस मात्र आडमुठा नाही. लग्न असो की मयत, त्यांची जीप सगळ्यांत आधी दारात असते. ते म्हणाले, ठीक आहे राजाबाई, राहा, पण बिरोबापुढं भंडारा उचला.

बेल आणि देवाची हळद तळहातावर घेऊन दिलेला शब्द म्हणजे आमच्याकडं शेवटचा शब्द. आत्तीनं देवळात जाऊन भंडारा उचलला आणि मत तात्यांनाच देईन, गट सोडणार नाही, असं म्हटलं. तात्या वळून निघाले, तर तिनं ताट त्यांच्यापुढं धरलं.

"आता तुमी."

मेंढरं दुसऱ्याकडं राखायला देताना आमच्या घरात मालक आणि राखणारा असे दोघंही भंडारा उचलतात. एकट्यानं उचललेला तिला ठाऊकच नव्हता. तात्या हसले. काय बोलू, असं त्यांनी विचारलं. वस्तीवर पाण्याची टाकी नव्हती, बायका ओढ्यापलीकडच्या विहिरीवरून पाणी आणायच्या. आत्ती म्हणाली, पुढचा उन्हाळा लागायच्या आत टाकी. गाडी हॉर्न वाजवत होती. तात्यांनी चिमूटभर भंडारा तळहातावर घेतला, टाकी देतो म्हणाले, कपाळाला लावला आणि गेले.

तात्या सरपंच झाले. मी तेव्हा सोलापुरात भवानी पेठेत खोली घेऊन राहत होतो आणि पाणीपुरवठ्याची कामं करणाऱ्या एका कंत्राटदाराकडं नोकरी करत होतो. टाकीचा आराखडा मीच काढून दिला. तो मंजूरही झाला. पण पैसे आले तेव्हा ते गावातल्या चौकात पेव्हर ब्लॉक बसवण्यात गेले, कारण चौकातली घरं तात्यांच्या जुन्या माणसांची, आणि ती कुरकुर करायला लागली होती. शपथेला बांधलेली वस्ती कुठं जाणार होती?

मला फार राग आला. शाळेत आम्ही सरदारांच्या निष्ठेचे धडे शिकलो, कोण कुणासाठी धारातीर्थी पडला ते पाठ केलं. त्या धड्यांत शब्द नेहमी लहान माणसानं मोठ्याला दिलेला असायचा. मोठ्यानं लहानाला काय दिलं होतं आणि त्यानं ते पाळलं का, यावर परीक्षेत कधी प्रश्न आला नाही. हे सगळं मी आत्तीला तावातावानं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, तात्यांना खोकला झालाय म्हणतात, खरं का?

तेव्हा मला कळलं, की तिला राग आलेलाच नाही. ती घाबरली होती, आणि तेही तात्यांसाठी. देवापुढं बोललेलं ते विसरले होते, पण देव विसरत नसतो असं तिचं पक्कं मत. माघ सरला तशी ती दर दोन-चार दिवसांनी तात्यांच्या वाड्याकडं जायला लागली. तात्यांच्या बायकोला, वहिनीसाहेबांना विचारायची, तात्या जेवतात का नीट, झोप लागते का, गाडी हळू चालवायला सांगा. आधी वहिनीसाहेबांना बरं वाटलं. मग त्यांनाही धाकधूक व्हायला लागली. तात्यांची जीप एकदा बांधाला घासली, तर त्या रात्रभर जाग्या होत्या. तात्या घरात चिडचिड करायला लागले, ही बाई मला जिवंतपणी पोचवणार म्हणाले.

माझ्या चुलतभावाची बायको पूनम हसून म्हणायची, आत्तींनी बरोबर नस धरलीय. आत्तीला ते बोलणं लागलं. तिला नस वगैरे काही धरायची नव्हती.

चैत्राच्या तोंडावर मी वस्तीवर आलो होतो, तेव्हा सोमशेखर अण्णा तिथं आले. तात्यांचा एक माणूस त्यांनी आधीच फोडला होता. आता आत्तीनं बाजू बदलली, की अविश्वास ठराव पास होत होता. टाकी आम्ही देतो म्हणाले. तात्यांनीच शब्द मोडलाय, तुमच्यावर कसलं बंधन उरलं, असंही म्हणाले, आणि मला ते पटलं. दारात रिकाम्या घागरींची रांग होती. त्या ठरावावर आत्तीनं सही करावी असं मला मनापासून वाटत होतं, आणि मी तसं बोललोही.

आत्तीनं अण्णांना ताक दिलं. मग पदर खोचून निघाली ती थेट तात्यांकडं. मीही मागोमाग गेलो.

तात्या ओसरीवर माणसांत बसले होते. ठरावाची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. आत्तीला बघून सगळे सरसावून बसले. सौदा करायला आली, असंच सगळ्यांना वाटलं. ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "तात्या, उद्या देवळात या. तुमचा भंडारा मी माघारी घेते. ज्याला शब्द दिला त्यानं मोकळं केलं, तर देव काय करत न्हाय. टाकी न्हाय झाली तर न्हाय झाली, तुमच्या जिवाला घोर नको."

कुणीतरी हसायला गेलं आणि थांबलं. तात्यांनी आवाज चढवायचा प्रयत्न केला.

"म्हंजे तुमीबी मोकळ्या. मग जावा की अण्णाकडं."

"मी कशी मोकळी हुईन?" आत्तीला तो प्रश्नच कळला नाही. "तुमी कुटं मला सोडलंय? मी सोडा म्हनायलाबी आलेली न्हाय. माझं हाय तसंच हाय."

तात्यांची इतकी वर्षं माणसं बांधून ठेवण्यात गेली, कुणाला उचल देऊन, कुणाला ठेका देऊन, कुणाला नुसता दम देऊन. फुकटात बांधलेलं माणूस समोर बसलं होतं आणि त्यांना सोडवायला आलं होतं. त्यांनी मान खाली घातली, टॉवेलनं तोंड पुसलं. मग माझ्याकडं वळून विचारलं, की खडीचा ट्रॅक्टर माळावर कोणत्या बाजूनं चढेल.

मी सांगितलं, देवळाच्या मागून.

"पैसं न्हाईत पंचायतीत," त्यांचा एक माणूस पुटपुटला.

"माझ्या ट्रॅक्टरला पंचायत लागत न्हाय," तात्या म्हणाले. "देवळात-बिवळात यायचं न्हाय मला, राजाबाई. परत असलं काय बोलू नका माणसांत."

आत्ती उठली नाही. ट्रॅक्टर आणि खडीचं तिनं ऐकलं होतं, तिचे डोळेही भरले होते, पण तिचं समाधान झालं नव्हतं.

"व्हय, पर उन्हाळा तर लागला की," ती म्हणाली. "टाकी हुईस्तवर तेवढी जीप दुसऱ्याला चालवायला द्या."

टाकी बांधून होईपर्यंत तात्या सिद्धू ड्रायव्हरच्या शेजारी बसून फिरले. माळावर येऊन ते मजुरांना शिव्या द्यायचे, माझ्या आराखड्यात चुका काढायचे आणि लवकर आटपा म्हणायचे. कुणी विचारलं तर सांगायचे, पाठ दुखते.