होन्नावरहून जयनगरला आणलेली होडी

बंगळूरला समुद्र नाही, आणि नदी म्हणावी अशी नदीही नाही. तरीही १९९८ च्या जानेवारीत एका संध्याकाळी माझ्या सासऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि जाहीर केलं, "होडी घेणार आहे. जुनी. होन्नावरला आहे. तू येतेस काय, अम्मा?"

सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांचं घराणं तीनेकशे वर्षांपासून बंगळुरातलं. त्यांच्या मराठीत कानडी इतकं मिसळलेलं, की लग्न होऊन पुण्याहून आले तेव्हा पहिले सहा महिने मी नुसती मान डोलावत होते. मला ते नावाने हाक मारत नसत, 'अम्मा' म्हणत. तिकडे लेकीबाळींनाही अम्माच म्हणतात. माझा नवरा तेव्हा अमेरिकेत होता, सन दोन हजार उजाडल्यावर जगातले संगणक बंद पडू नयेत म्हणून. सासूबाई चार वर्षांपूर्वी गेलेल्या. जयनगरच्या घरात आम्ही दोघंच.

अण्णांनी अडतीस वर्षं विमानांच्या कारखान्यात फिटर म्हणून काम केलेलं. "आयुष्यभर उडायच्या वस्तू दुरुस्त केल्या, एकात पण बसलो नाही," ते म्हणाले. "आता तरंगायची घेतो, आणि बसतो." कारखान्यातले त्यांचे दोस्त नंजुंडप्पा यांची देवनहळ्ळीजवळ द्राक्षांची बाग होती आणि बागेला लागून मोठं तळं. होडी तिथे राहणार होती.

हे झालं सांगण्याचं कारण. न सांगितलेलंही मला ठाऊक होतं. वर्षभरापासून अण्णांचा उजवा हात थरथरायला लागला होता. ते तो खिशात ठेवत. कुणी विषय काढला की उठून जात, आणि डॉक्टर हा शब्द घरात उच्चारायची सोय नव्हती. शेजारपाजारचे मिक्सर, पंखे दुरुस्त करून देणंही त्यांनी बंद केलं होतं. ही जुनी होडी आपल्या हातांनी नीट करायची, पाण्यात सोडायची आणि बघायचं, हात अजून आपल्या कामाचे आहेत की नाहीत. इतका साधा हिशोब होता. मला त्याची भीती वाटत होती, म्हणून मी चार दिवसांची रजा टाकली आणि निघाले.

मॅजेस्टिकच्या बसस्टँडवरून सकाळी साडेसहाची शिमोग्याची लाल बस पकडली. (त्या रस्त्याने जाणार असाल तर डाव्या बाजूला बसा, सकाळचं ऊन लागत नाही.) तुमकूर सोडलं की रस्ता बरा होता, तिपटूरपासून दोन्ही बाजूंना नारळच नारळ. अरसीकेरेला बस वीस मिनिटं थांबली. तिथल्या तट्टे इडल्या ताटलीएवढ्या असतात. मी दोन मागवल्या आणि दीड खाऊन शरण गेले. अण्णांनी तीन खाल्ल्या, डाव्या हाताने चमचा धरून. शिमोग्याला दीडशे रुपयांत दोन खोल्या मिळाल्या. गरम पाण्याची बादली सकाळी सातच्या आत मागायची असते, हे आम्हाला आठ वाजता कळलं.

दुसऱ्या दिवशी सागर, मग जोग. जानेवारीत जोगला पाणी बेताचंच. धबधब्याऐवजी चार पांढरे दोरे लोंबत होते. अण्णांनी कठड्यावरून दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "सरी, ठीक आहे. हे पाणी खाली कुठे जातं, तिथेच आपली होडी आहे." पुढे घाट उतरताना माझ्या पोटातलं सगळं वर येत होतं. लिंबू जवळ ठेवा. होन्नावरला शरावती समुद्राला मिळते. तिथे इतकं पाणी की बंगळूरहून आलेल्या माणसाला ते उधळपट्टीच वाटतं.

होडीचा मालक तिम्मण्णा. साठीचा, काटक, तोंडात सदा पान. पाहुण्यांना खाडीत फिरवायला त्याने ही तेरा फुटी लाकडी होडी ठेवली होती. आता मुलाने यंत्राची घेतली म्हणून ही विकायची. व्यवहार कानडीत झाला, मी इथे मराठीत देते.

जुनी होडी कशी बघायची ते अण्णांकडून शिकावं. त्यांनी रंगाकडे बघितलंच नाही. खिशातून टोकदार पेचकस काढला आणि तळाच्या एकेका फळीत टोचत गेले. टोक रुतलं तर लाकूड सडलेलं. मग बोटांच्या पेरांनी सगळीकडे ठोकून आवाज ऐकला. खिळ्यांभोवती वास घेतला. तासभर हे चाललं. तिम्मण्णा पान चघळत बघत होता.

"होडी बघताय की लग्नाची मुलगी?" तो शेवटी म्हणाला.

"मुलीला टोचता येत नाही," अण्णा म्हणाले.

मग खाडीत एक फेरी झाली. तळाशी ओंजळभर पाणी साचलं होतं, अण्णांनी ते बोट बुडवून दाखवलं. "एवढं असतंच," तिम्मण्णा म्हणाला. "असू नये," अण्णा म्हणाले. विमानाच्या टाकीतून थेंब गळला तर माणसं मरतात, असं त्यांच्या कारखान्याचं शिक्षण. तरी होडी त्यांना आवडली होती, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. नऊ हजारांत वल्ह्यांसकट सौदा ठरला. संध्याकाळी खानावळीत तळलेले बांगडे आणि उकडा भात खाल्ला. इतक्या चवीने जेवताना मी त्यांना खूप दिवसांनी बघत होते.

येताना टेम्पो केला, साडेतीन हजारांत. होडी मागून चार फूट बाहेर. तिच्या शेपटाला लाल फडकं बांधून आम्ही दोघं ड्रायव्हरशेजारी बसलो. होडी घेऊन समुद्राकडे पाठ करून निघालेली माणसं त्या रस्त्याने फारशी बघितली नसावीत. कडूरला चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्या बाईने टेम्पोला पुरी प्रदक्षिणा घातली आणि काळजीने विचारलं, "बेंगळूरला पूर येणार आहे का?"

"आला तर तुम्हाला बोलावतो, अज्जी," अण्णा म्हणाले.

चौथ्या दिवशी दुपारी होडी जयनगरच्या आमच्या अंगणात आली. गल्लीने दोन दिवस करमणूक करून घेतली. मग अण्णांनी तिच्यावर पत्र्याची शेड उभारली आणि काम सुरू केलं. दर शनिवारी आम्ही चिकपेटला जायचो. एका दुकानातून पितळी स्क्रू, दुसऱ्यातून जवसाचं तेल, तिसऱ्यातून पॉलिश पेपर. चिकपेटात गाडी नेऊ नका, चालत जा, आणि पहिल्या दुकानदाराने सांगितलेला भाव ऐकून नुसतं हसा. घरी अण्णा तासन्‌तास होडी घासत. उजवा हात थरथरला की डाव्या हाताने मनगट घट्ट धरून ठेवत. जुना रंग पूर्ण उतरवला, प्रत्येक स्क्रू बदलला, आत-बाहेर रंगाचे दोन-दोन हात दिले. ताडपत्री तर अशी ताणून बांधली होती की दव पडलं तरी आत जाऊ नये. सकाळी उठून ते आधी होडीवरून कोरडं फडकं फिरवत, मग दात घासत. दोन महिन्यांत तिला पाण्याचा एक थेंब लागू दिला नाही. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने हे सांगत असे.

पाडव्याला होडी देवनहळ्ळीला नेली. नंजुंडप्पांनी तळ्याकाठी नारळ फोडला, सगळ्यांना कडुनिंब-गूळ दिला, बागेतला चकोता, म्हणजे पपनस, सोलून ठेवला. अण्णा धुतलेला पांढरा शर्ट घालून वल्ह्यावर बसले, मी समोर. काठावरच्या माणसांनी होडी ढकलली.

मला आधी वाटलं माझी बाटली सांडली. मग बघितलं तर प्रत्येक दोन फळ्यांच्या मधून पाण्याची बारीक रेघ आत येत होती. एक नाही, सगळ्याच सांध्यांतून. शंभर हात गेलो नसू तोवर पाणी घोट्यापर्यंत आलं. मी ओंजळीने पाणी उपसायला लागले, अण्णांनी होडी वळवली. काठाला लागलो तेव्हा पोटऱ्या बुडाल्या होत्या. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

होडी वर ओढून पालथी घातली. अण्णा तिच्याजवळ उभे राहिले. मग त्यांनी उजवा हात खिशातून काढून सगळ्यांसमोर धरला. तो थरथरत होता.

"आय्तु," ते म्हणाले. "संपलं. हात गेले. नंजुंडा, हिचं सरपण कर."

परतीच्या बसमध्ये मला रडू येत होतं आणि तिम्मण्णाचा भयंकर राग येत होता. त्यानेच फसवलं, असं मी ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून निघाल्यावर एसटीडी बूथ गाठला. तिम्मण्णाने जेट्टीवरच्या बर्फाच्या दुकानाचा नंबर दिला होता. त्याला बोलावून आणेपर्यंत मी शब्द जुळवून ठेवले, आणि तो आल्यावर माझ्या मोडक्या कानडीत सगळे त्याच्या अंगावर फेकले.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "होडी होती कुठे?"

"शेडमध्ये. ताडपत्रीखाली. एक थेंब लागू दिला नाही."

"किती दिवस?"

"दोन महिने."

"बाई," तो म्हणाला, "लाकूड आहे ते. पाण्यात असलं की फुगतं, फळ्या एकमेकींना घट्ट धरतात. तुमच्या त्या कोरड्या गावात ती आकसली. बुडवा तिला. दगड टाकून आठ दिवस पाण्याखाली ठेवा."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"ह्यात सांगायचं काय?" त्याला खरंच कळेना. "होडी पाण्यातच असते की."

माझा राग कुठे ठेवावा तेच मला सुचेना. मी सॉरी म्हटलं, तर तो म्हणाला, "त्या टोचणाऱ्या माणसाला सांगा, होडी चांगली आहे."

घरी येऊन अण्णांना सांगितलं. ते ऐकत होते, पण त्यांना ते माझं समजूत घालणं वाटत होतं. "अम्मा, सुम्मने, उगाच काही सांगू नको. मी पाणी बाहेर ठेवायला शिकलेला माणूस. पाण्यात बुडवून गळती थांबते काय कुठे?"

"पत्र्याची नाही थांबत. लाकडाची थांबते."

"म्हणजे चूक माझीच."

मला खोटं बोलायचं नव्हतं. "हो, तुमचीच," मी म्हटलं. "पण हाताने नाही केलीत. डोक्याने केलीत."

सासऱ्यांशी असं बोलायची माझी पद्धत नव्हती. ते हसायला लागले, खोकला येईपर्यंत.

रविवारी पुन्हा देवनहळ्ळी. (मॅजेस्टिकहून दर अर्ध्या तासाला बस, स्टँडपासून बाग तीन किलोमीटर, चालायची तयारी ठेवा.) नंजुंडप्पांनी सरपण केलेलं नव्हतं. काठाजवळ कमरेएवढ्या पाण्यात होडी नेली. दगड मी उचलून देत होते, अण्णा रचत होते. आधी तळाशी गोणपाट अंथरलं, रंगाला ओरखडे नकोत म्हणून. आपण घासूनपुसून चकचकीत केलेली वस्तू आपल्याच हातांनी बुडवायची, ते सोपं नव्हतं. होडीचा काठ पाण्याखाली गेला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. तो आठवडा घरात कॅलेंडरकडे दोघंही बघायचो.

पुढच्या रविवारी दगड काढले, चौघांनी होडी काठाकडे ओढली, बादल्यांनी पाणी उपसलं. रंग दोन ठिकाणी फुगला होता. अण्णांनी आतला तळ कोरडा पुसला आणि त्यावर वर्तमानपत्राची पानं पसरली. कारखान्यात गळती अशीच बघायचे म्हणे. मग वल्ही हातात घेतली. "बस," मला म्हणाले. मी पानांवर पाय न देता कशीबशी बसले.

अर्धा तास आम्ही तळ्यात फिरलो. कागद सोडून मी कुठेच बघत नव्हते, त्यामुळे त्या तळ्याचं वर्णन माझ्याकडे मागू नका. पाणकोंबड्या होत्या, असं अण्णा नंतर म्हणाले. काठाला आल्यावर त्यांनी एकेक पान उचलून उजेडात धरलं. एका पानाचा एक कोपरा ओला होता.

"एवढं असतंच," अण्णा म्हणाले.

होडी पुढे सहा वर्षं चालली. दर उन्हाळ्यात तळं आटायच्या आधी ती खोल पाण्यात हलवायची आणि तेही कमी झालं की बुडवून ठेवायची, हे आम्ही शिकलो. जुनी लाकडी होडी घेणाऱ्यांना माझा सल्ला एवढाच, विकणाऱ्याला विचारा की ती राहते कुठे, आणि तिला तशीच ठेवा. मग तिकडे प्लॉट पडले, तळं बुजलं, नंजुंडप्पांनी बाग विकली. तिम्मण्णाला फोनवर हे सांगितलं, तर होडी मागायला त्याचा मुलगा स्वतः आला, आम्ही पैसे न घेता देऊन टाकली.

पण माझ्या मनात राहिली आहे ती त्या रविवारची संध्याकाळ. घरी पोचलो, मी कॉफी केली. अण्णांनी पेला उजव्या हातात घेतला. थोडी कॉफी शर्टावर सांडली, त्यांनी ती पुसलीही नाही.

"अम्मा, तो डॉक्टर कोण म्हणालीस?"

"मी कुठे काय म्हणाले?"

"म्हणणार होतीस की, वर्षभर. आता म्हण."

मी नाव सांगितलं. सोमवारी सकाळी साडेनऊला आम्ही दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो, आणि अण्णा शेजारच्या माणसाला होडी कशी बुडवायची ते दोन्ही हात हलवून समजावून सांगत होते.