वाचत बसलेला टीव्ही

बायको जाऊन दोन महिने झाले तरी लातूरच्या दवाखान्यातून फोन यायचा, "रुग्णाला तपासणीला आणा." ती गेल्याचं मी तिथं दोनदा लिहून दिलं होतं. शेवटी भांडायलाच गेलो.

तिथं नांदेडहून आलेली एक कॉम्प्युटरवाली बाई बिघाड शोधत होती. ओढणी कमरेला बांधलेली, पुढ्यातला चहा गार झालेला. मी ओरडलो तरी तिनं मान वर केली न्हाई. नुसती शेजारची खुर्ची पायानं माझ्याकडं सरकवली.

"तुमचं लिहिलेलं आहे, आजोबा. नवं आधी बाजूच्या फायलीत पडतं, मग मोठ्या फायलीत मिसळतं. फोन मोठ्या फायलीवरून जातात. पण कुणीतरी जुनं वाचत बसलंय. ते सोडंना, म्हणून नवं मिसळंना."

"कोण हाय तो हरामखोर?"

तिनं भिंतीवरच्या टीव्हीकडं बोट केलं. रुग्णांची यादी दाखवणारा तो टीव्ही दोन महिन्यांपूर्वीच्या यादीवरच अडकला होता. कुणी बघितलंच न्हाई.

मी वाचत गेलो. चौथं नाव माझ्या बायकोचं होतं.

"बंद करू? मग नवं मिसळंल, ही जुनी यादी जाईल." तिनं बटणावर बोट ठेवलं.

त्याच्यासाठीच तर आलो होतो. पण तोंडातून निघालं, "थांब बाई. जरा थांब."

तिनं बोट काढलं. मागं लोक कालवा करत होते. तो गार चहा तिनं उचलला, अन् फुंकून फुंकून प्यायली. तेवढा वेळ मी ते नाव वाचत बसलो.