बाळापूरचे सघन मासे

माझा मामेभाऊ दिलीप बाळापूरजवळ शेडमधल्या टाक्यांत मासे पाळतो आणि ते वाढतच नाहीत, हे फोनवर ऐकून होते. मग कळलं, याही खेपेला मासे विकले गेले नाहीत तर शेड कापसाचं गोदाम म्हणून भाड्याने जाणार. म्हटलं, त्याआधी बघून तरी येऊ.

अमरावतीहून सकाळची एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिडकीसाठीचं भांडण अर्ध्या दरात करता येतं. अकोल्यात कचोरी खाऊन बाळापूरची गाडी घेतली. पुढे दिलीपची मोटारसायकल. रस्त्यातला एकही खड्डा त्याने माझ्यापासून लपवला नाही.

शेडमध्ये तीन गोल टाक्या. पाणी कमी, तिलापिया जास्त. मासे वर तोंड काढून हवा घेत होते.

"एवढे काहून सोडले रे?"

"ताई, कपाशी सघन लावली तं कापूस वाढला ना? मंग मासे काहून नाई वाढनार?"

कपाशीला श्वासासाठी पंप लागत नाही, आणि ती शेजारणीच्या पाण्यात घाणही करत नाही, हे मी त्याला समजावलं. दाटीत दांडगे मासे खाद्य पळवतात, बाकीचे बोटाएवढेच राहतात. त्याने मान डोलावली आणि जेवायचा विषय काढला. एकही मासा कमी करायला जीव धजत नव्हता त्याचा.

जेवणात भाकरी, ठेचा आणि वांग्याची भाजी. मासा नाही!

"टाकीतला टाकला तं रश्शात सापडत नाई, ताई," त्याची बायको सुनीता म्हणाली.

मग तिने मला शेडच्या कोपऱ्यात नेलं आणि जुन्या हौदावरचं पोतं सरकवलं. आत हवेची एक नळी आणि दहाबारा मासे, तळहाताहून मोठे.

"मरतीन म्हून यायनं फेकाले काढले होते. मी इथं सोडले. बीज थेच, खाद्यबी थेच."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगतलं असतं तं म्हनले असते, जागा हाय, अजून टाक!"

मी दिलीपला हाक मारली. त्याने वाकून हौदात बघितलं.

"हे माहेच?"

"तुमी फेकलेले," सुनीता म्हणाली.

मला हसू आलं आणि त्याची दयाही आली. दिलीपने स्वतःच जाळं आणलं आणि संध्याकाळपर्यंत आम्ही टाक्यांतले निम्मे मासे शेजाऱ्याच्या शेततळ्यात पोचवले. माझी साडी दोन धुण्यांनंतरही वास सोडेना.

काही महिन्यांनी दिलीपचा फोन आला. व्यापारी मासे घेऊन गेला होता, शेड त्याच्याकडेच राहिली होती. मला खरंच फार आनंद झाला. विचारलं, "आता पुढच्या खेपेला किती सोडणार?"

"थे सुनीताले इचार, ताई. मले आता फक्त पंप पाह्याची परवानगी हाय."